माजी गुप्तचर अधिकाऱ्याचा शब्द पुरावा म्हणून धरावा का? लुईस एलिझोंडो यांच्या निमित्ताने

अपूर्णांक

उडत्या तबकड्यांच्या विषयाला अमेरिकेत गेल्या काही वर्षांत जी प्रतिष्ठा लाभली, तिचे श्रेय म्हणा वा खापर म्हणा, कोणा एकाच्या नावे टाकायचे झाले तर ते लुईस एलिझोंडो यांच्या नावे टाकावे लागेल. लष्कराच्या प्रतिहेरगिरी शाखेत काम केलेले आणि पुढे पेंटॅगॉनच्या गुप्तवार्ता विभागात अधिकारी असलेले हे गृहस्थ ऑक्टोबर २०१७ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. आकाशात दिसणाऱ्या अनाकलनीय वस्तूंकडे खात्यात काणाडोळा केला जातो, अशी तक्रार त्यांनी संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांच्या नावे लिहिलेल्या पत्रात केली होती. त्याच वर्षी १६ डिसेंबरला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये बातमी आली की, सिनेटर हॅरी रीड यांच्या पुढाकाराने पेंटॅगॉनमध्ये या विषयावर २ कोटी २० लाख डॉलरचा एक कार्यक्रम चालला होता आणि एलिझोंडो त्याचे प्रमुख होते.

त्यानंतर चक्रे फिरली हे कोणी नाकारू नये. नौदलाच्या विमानांनी टिपलेल्या तीन चित्रफिती एप्रिल २०२० मध्ये पेंटॅगॉनने अधिकृतपणे प्रसिद्ध केल्या. जून २०२१ च्या सरकारी अहवालात १४४ नोंदींचा विचार झाला आणि त्यांतली खात्रीने उलगडलेली नोंद एकच निघाली, ती म्हणजे हवा जात असलेला एक मोठा फुगा. जुलै २०२२ मध्ये अशा नोंदींच्या तपासासाठी पेंटॅगॉनमध्ये 'आरो' हे स्वतंत्र कार्यालय उघडले. संसदेच्या समित्यांपुढे सुनावण्या झाल्या. त्यांतल्या नोव्हेंबर २०२४ च्या सुनावणीत स्वतः एलिझोंडो शपथेवर बोलले.

माझे म्हणणे एवढेच आहे की, दार उघडायला लावणे आणि आत काय आहे ते सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देतो. दुसऱ्या बाबतीत मात्र 'मी त्या पदावर होतो' हे वाक्य कागदाच्या जागी वापरले जाते, आणि आठ वर्षांत त्या जागी कागद आलेला नाही. परग्रहावरच्या यानांचे अवशेष सरकारच्या ताब्यात आहेत असे शपथेवर सांगणाऱ्याने एक तरी तपासता येण्याजोगी वस्तू, जागा किंवा दप्तर दाखवावे, ही अपेक्षा अवाजवी आहे असे मला वाटत नाही. ज्यांना वाटते, त्यांनी आपले कारण जरूर मांडावे.

सप्तर्षी

कारण मांडतो. आपण साक्षीदाराला जो निकष लावता, तो कायद्याने त्याचे हात बांधले आहेत ही गोष्ट विसरून लावता. गोपनीयतेची शपथ घेतलेल्या अधिकाऱ्याने कागद बाहेर आणला तर त्याची जागा तुरुंगात असते, आणि नाही आणला तर बोलाचीच कढी म्हणून त्याची बोळवण होते. मग त्याने करावे तरी काय? एलिझोंडो यांनी मधला आणि माझ्या मते सर्वांत सभ्य मार्ग धरला. २०२१ मध्ये त्यांनी पेंटॅगॉनच्या महानिरीक्षकांकडे रीतसर तक्रार केली. त्याच कार्यालयाच्या मूल्यमापनाचा खुला भाग जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हा त्यात स्वच्छ लिहिले होते की, संरक्षण खात्याकडे या घटनांबाबत सर्वंकष आणि समन्वित अशी पद्धतच नाही. म्हणजे त्यांच्या मूळ गाऱ्हाण्याला सरकारी दुजोरा मिळाला.

आता पदाविषयी. डिसेंबर २०१७ मध्ये पेंटॅगॉनच्या प्रवक्त्या म्हणाल्या की, कार्यक्रम एलिझोंडोच चालवत होते. २०१९ मध्ये दुसरे प्रवक्ते म्हणाले की, त्या कार्यक्रमात त्यांच्याकडे कोणतीही जबाबदारी नव्हती. यावर ज्यांनी निधी मिळवून दिला त्या हॅरी रीड यांनी २०२१ मध्ये लेखी सांगितले की, एलिझोंडो यांचा सहभाग आणि नेतृत्व ही नोंदीची बाब आहे. दोन वर्षांत आपलेच म्हणणे फिरवणाऱ्या खात्याला आपण काय म्हणाल? शंका घ्यायची तर ती दोन्ही बाजूंवर सारखी घ्या.

आणि सगळेच काही एलिझोंडो यांच्या शब्दावर उभे नाही. १४ नोव्हेंबर २००४ रोजी सॅन दिएगोसमोरच्या समुद्रावर नौदलाचे वैमानिक कमांडर डेव्हिड फ्रेवर यांनी जी पांढरी, लांबट, पंख नसलेली वस्तू पाहिली, ती त्यांच्यासोबतच्या दुसऱ्या विमानातूनही दिसली होती. त्याआधी काही दिवस 'प्रिन्स्टन' या युद्धनौकेच्या रडारवर तशा खुणा येत होत्या. हे वैमानिक २०१७ पर्यंत थट्टेचे धनी झाले असते. त्यांना बोलायला जागा मिळाली ती या अधिकाऱ्यामुळे.

दप्तरदार

फ्रेवर यांच्या अनुभवाला माझा सलाम आहे, पण चित्रफिती बाहेर कशा आल्या याचा कागद सप्तर्षी यांनी पाहिलेला दिसत नाही. माहितीच्या अधिकाराखाली बाहेर आलेल्या २०१७ च्या अर्जात एलिझोंडो यांनी त्या तीन चित्रफितींचा विषय मानवरहित विमाने, फुगे आणि तत्सम हवाई साधने असा लिहिला होता आणि हेतू त्यांची माहितीसूची तयार करण्याचा सांगितला होता. वर्तमानपत्रात छापण्याचा उल्लेख त्यात नव्हता. हेतू कितीही उदात्त असो, ज्याच्या शब्दावर आपण विश्वास ठेवायचा त्याने स्वतःच्या खात्याला अर्ज करताना एक विषय लिहिला आणि जगाला दुसरा सांगितला, ही नोंद तिथेच आहे.

आता त्या तिघींपैकी 'गोफास्ट' घ्या. पाण्याला जवळजवळ चिकटून काहीतरी भन्नाट वेगाने जात आहे, असे ती पाहताना वाटते, आणि ती लोकांपुढे आली तीही तशीच. पडद्यावरचे आकडे मात्र सर्वांना दिसतात. विमान २५,००० फुटांवर आहे, कॅमेरा क्षितिजाखाली सुमारे ३५ अंशांवर झुकलेला आहे आणि वस्तूचे अंतर ३.४ सागरी मैल आहे. ३.४ सागरी मैल म्हणजे साधारण २०,६०० फूट. त्याला ३५ अंशांच्या साइनने, म्हणजे ०.५७ ने गुणले की जवळपास ११,८०० फूट येतात. तेवढे विमानाच्या उंचीतून वजा करा, वस्तू १३,००० फुटांच्या आसपास निघते. समुद्राला ती चिकटलेली नाहीच. वेग भासतो तो वरून धावणाऱ्या विमानाचा. नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये तिचा वेग ताशी सुमारे ४० मैल काढला. दहावीच्या त्रिकोणमितीत बसणारे हे काम गुप्तवार्ता विभागातल्या कोणालाच सुचले नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

रेवती_प

मला आकडेमोडीपेक्षा पेशाची चिंता अधिक वाटते. प्रतिहेरगिरी हा दिशाभूल ओळखण्याचा आणि प्रसंगी ती करण्याचाही धंदा आहे. १९८० च्या दशकात अमेरिकन हवाई दलाच्या तपास शाखेतले रिचर्ड डॉटी यांनी न्यू मेक्सिकोतल्या एका उद्योजकाला परग्रहवासीयांच्या खोट्या कथा पुरवल्या. त्या माणसाने कर्टलंड तळाजवळ टिपलेले संकेत लष्कराचेच होते, आणि त्याचे लक्ष त्यावरून उडावे हा उद्देश होता. तो बिचारा पुढे मानसिकदृष्ट्या कोलमडला. जून २०२५ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने दिलेल्या वृत्तानुसार त्याच दशकात हवाई दलाच्या एका कर्नलने 'एरिया ५१' या गुप्त लष्करी तळाजवळच्या बारमालकाला तबकड्यांची बनावट छायाचित्रे दिली होती. अशा घरातून आलेल्या माणसाच्या शब्दाला जादा वजन द्यायचे की त्याची जादा शहानिशा करायची?

सप्तर्षी

ताई, आपले उदाहरण खरे आहे, पण ते आपल्याच अंगावर उलटते. सरकारनेच जर चाळीस वर्षे खोटे पेरले असेल, तर 'आमच्याकडे काही नाही' असे सांगणारा 'आरो'चा मार्च २०२४ चा अहवाल तरी मी कोणत्या आधारावर मान्य करावा? तोही त्याच घरातून आला आहे.

अपूर्णांक

अहवाल सरकारी आहे म्हणून मी तो मानत नाही; त्यात तपासता येणाऱ्या गोष्टी आहेत म्हणून त्याला किंमत देतो. अशा यानांचे अवशेष मिळवून अभ्यासण्याचा 'कोना ब्लू' नावाचा प्रस्ताव खरोखर होता, तो गृहसुरक्षा खात्यापुढे मांडला गेला आणि मंजूर झाला नाही, हे त्यातच उघड केले आहे. परग्रहावरच्या यानाचा म्हणून मिरवलेला धातूचा तुकडा पृथ्वीवरचाच मिश्रधातू निघाला, हे प्रयोगशाळेच्या हवाल्याने सांगितले आहे. शिवाय मोजक्याच माणसांचा एक गट एकमेकांचे ऐकून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो खोडायचा असेल तर त्या गटाबाहेरचा, स्वतः पाहिलेला एक साक्षीदार पुढे यावा.

डेव्हिड ग्रश यांचेच पाहा. तेही हवाई दलाचे माजी गुप्तचर अधिकारी. जुलै २०२३ मध्ये त्यांनी शपथेवर सांगितलेल्या गोष्टींनी सभागृह हादरले, पण त्यांचा आधार ४० हून अधिक लोकांच्या मुलाखतींचा होता; अवशेष त्यांनी स्वतः पाहिले नव्हते. गुप्तवार्ता महानिरीक्षकांनी त्यांची तक्रार 'विश्वासार्ह आणि तातडीची' ठरवली, हे वाक्य सगळीकडे फिरते. तो शेरा मात्र संसदेपासून माहिती दडवली गेल्याच्या आरोपाबाबत होता, गोदामात यान असल्याबद्दल नव्हता. हा फरक बातम्यांमध्ये गळून पडला.

दूरदर्शी

थोडे अवांतर. आपल्याकडे हा वाद उद्भवणारच नाही. मे २०२१ मध्ये निवृत्तिवेतनाच्या नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या संस्थेच्या कार्यकक्षेतले काहीही छापण्याआधी परवानगी लागते, आणि त्याच संस्था माहिती अधिकार कायद्याच्या २४ व्या कलमाने बहुतांशी वगळलेल्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंफाळ विमानतळावर अज्ञात वस्तू दिसल्याने उड्डाणे काही तास थांबवावी लागली आणि हवाई दलाने आपली यंत्रणा कामाला लावली. पुढे त्यावर कोणा अधिकाऱ्याने उघडपणे काही लिहिले आहे का? अमेरिकेत निदान भांडायला माणसे आणि कागद दोन्ही आहेत.

दप्तरदार

अवांतर नाही, कारण पूर्वपरवानगीची तीच व्यवस्था अमेरिकेतही आहे. एलिझोंडो यांचे २०२४ चे आत्मचरित्र पेंटॅगॉनच्या प्रकाशनपूर्व तपासणीतून गेले होते. त्यांचे समर्थक म्हणतात, बघा, सरकारने मजकूर मंजूर केला. त्या मंजुरीचा अर्थ मजकुरात गोपनीय काही नाही एवढाच होतो. तो खरा आहे की खोटा, हे ती कचेरी पाहत नाही. उलट विचार केला तर अवशेषांची कहाणी खरोखरच देशातले सर्वांत जपलेले गुपित असती, तर तपासणीतून ती इतक्या सहज सुटली असती का?

शिवाय मे २०२५ मध्ये वॉशिंग्टनला संसदेच्या परिसरातील कार्यक्रमात एलिझोंडो यांनी शेकडो फूट व्यासाची तबकडी म्हणून जे छायाचित्र दाखवले, त्यात शेतांना गोल फिरून पाणी देणाऱ्या यंत्रांनी उमटवलेली वर्तुळे होती. आधीच्या वर्षी एका व्याख्यानात दाखवलेले 'महायान' खिडकीच्या काचेत पडलेले दिव्याचे प्रतिबिंब निघाले. प्रशिक्षित नजर म्हणून ज्यांचे वजन सांगितले जाते, त्यांनी एवढी साधी तपासणी करायला नको होती का?

सप्तर्षी

शेताचे छायाचित्र त्यांचे नव्हते, एका वैमानिकाने दिलेले होते, आणि ते दाखवण्यात घाई झाली हे मी मान्य करतो. त्यांच्या नजरेवर मी यापुढे वाद घालणार नाही. मात्र त्यामुळे २००४ ची घटना पुसली जात नाही. 'प्रिन्स्टन'च्या रडारची मूळ नोंद कुठे आहे, हा प्रश्न एलिझोंडो यांच्या आधीचा आहे. २०२४ च्या संरक्षण खर्च कायद्याने राष्ट्रीय अभिलेखागारात अशा कागदपत्रांचा स्वतंत्र संग्रह करायला लावले. मूळ विधेयकात नागरिकांचे स्वतंत्र पुनरीक्षण मंडळ होते, ते मात्र वाटाघाटीत गळाले. ते का गळाले आणि कोणाच्या आग्रहाने, याचे उत्तर आपल्यापैकी जे सरकारी अहवालांवर भिस्त ठेवतात त्यांनी द्यावे.

अपूर्णांक

मंडळ असायला हवे होते, याबाबत आपले माझे दुमत नाही. सिनेटर शूमर आणि राउंड्स यांनी मांडलेली ती तरतूद काढून टाकण्याचे एकही पटणारे कारण माझ्या वाचनात आलेले नाही. 'प्रिन्स्टन'ची नोंद बाहेर आली आणि तिच्यात फ्रेवर यांनी सांगितलेली वेळ, उंची आणि दिशा सापडली, तर या धाग्यावरचे माझे पहिले निवेदन मी बदलेन. त्यासाठी मला एलिझोंडो यांच्या शपथेची गरज पडणार नाही.