पॅल्यूडल, युलिजिनस, लिमिकोलस: सगळ्यांना ‘दलदल’च लिहू का?

बर्डीवरचा टायपिस्ट:
नमस्कार मंडळी. नागपुरात बर्डीवर माझं टायपिंगचं दुकान आहे. सध्या थिसिसचा सीझन, म्हणून घाईतच विचारतो. बॉटनीची एक पोरगी अंबाझरी तलावाच्या काठच्या झाडोऱ्यावरचा प्रबंध घेऊन आली. त्यात पॅल्यूडल, युलिजिनस, लिमिकोलस, पॅलस्ट्राइन असे शब्द. वर्ड सगळ्यांखाली लाल रेघ मारून राहिला. मी शहाणपणा करून पॅल्यूडलचं ‘पॅलेटल’ करून टाकलं, एका झटक्यात बेचाळीस ठिकाणी. पॅलेटल म्हणजे टाळूचं! पोरीच्या गाइडनं पहिल्याच पानावर लाल गोल मारला. रात्री बसून सगळं परत फिरवलं, पैसे मागायची हिंमत नाही झाली.

आता तिला मराठी सारांश पाहिजे. सगळीकडे ‘दलदलीचा’ लिहून मोकळा होणार होतो, पण एकाच वाक्यात तीनदा दलदल आली. हे शब्द खरंच वेगळे आहेत का इंग्रजीवाल्यांची हौस? आणि झाडांच्या नावात पॅलस्ट्रिस येते, तिचं आपल्या पळसाशी काही नातं?

अर्धवट लॅटिन:
तरुणपणी सेमिनरीत दोन वर्षं लॅटिन घोकलं, मग घरी पळून आलो. तेवढ्या भांडवलावर सांगतो.

पालुस म्हणजे पाणथळ जागा, षष्ठीत पालुदिस. त्यातल्या ‘द’वरून पॅल्यूडल. त्याच ‘द’पुढे ‘त्रिस’ प्रत्यय आला की द जाऊन स होतो, पालुस्त्रिस, म्हणजे तुमचं पॅलस्ट्रिस आणि पॅलस्ट्राइन. म्हणून दोन शब्द वेगळे दिसतात, मूळ एकच.

युलिजिनस आला उलिगोवरून, आणि इथंच तुमची दलदल चुकते. उलिगो ही जागा नाही, जमिनीत मुरलेली ओल आहे. वरून पाणी दिसत नाही, पाय दाबला की टाचेभोवती गोळा होते. लिमुस म्हणजे नुसता चिखल, गाळ. कोलेरे म्हणजे वस्ती करणे. लिमिकोलस म्हणजे गाळात घर करणारा जीव. मात्र ‘लिम’ दिसला म्हणून लिम्नॉलॉजीला यात ओढू नका, तो ग्रीक लिम्ने, म्हणजे तळं.

पळसाशी नातं नाही. पण संस्कृतात पल्वल आहे, लहानसं तळं, डबकं. कोशकार त्याला पालुसच्या भाऊबंदांत बसवतात. कालिदासाची रानडुकरं पल्वलातूनच वर येतात, शाळेत पाठ केलं असेल.

साकोलीवाला:
इंग्रजी मले येत नाही जी, पण ओल कळते. आमच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीखाली दीड एकर आहे. पावसाळ्यात पाणी झिरपून ते चिभडते. बैल रुतत नाही, चालताना काही समजतही नाही, पण तूर पिवळी पडते. उपटून पाहा, मुळं काळी आणि वास मारते. ही तुमची उलिगो. बोडी आटल्यावर तळाशी राहते तो गाळ, तो आम्ही गाडीनं वावरात नेतो. आणि दलदल म्हणजे जिथं म्हैस फसली की चार माणसं लागतात. तिन्हीले एकच नाव कसं द्याल?

पाणकणीस:
पॅलस्ट्राइन नुसतं विशेषण समजू नका, ती मोजमापाची संज्ञा आहे. अमेरिकेच्या 1979 च्या पाणथळ वर्गीकरणात पाच मोठे गट आहेत: समुद्री, खाडीचा, नदीचा, तळ्याचा आणि पॅलस्ट्राइन. पाणकणसासारख्या उभ्या वनस्पतींनी भरलेली पाणथळ या शेवटच्यात येते. झाडोरा नसेल तर आठ हेक्टरांहून लहान, सर्वात खोल जागी दोन मीटरहून कमी आणि काठ लाटांनी घडलेला नाही, अशी जागाही त्यातच. म्हणजे अंबाझरीचं उघडं पाणी तळ्याच्या गटात, कडेची पाणकणसं पॅलस्ट्राइन. साकोलीवाल्यांची बोडीही बहुतेक त्यातच बसेल.

जाता जाता: मध्यंतरी नाग नदीत मगर दिसली होती ना, तिचं शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलस्ट्रिस.

अर्धवट लॅटिन:
फ्रेंचात तर हिवतापालाही पॅल्यूडिझमच म्हणतात. डास सापडायच्या आधी दोष पाणथळीवरच होता.

बर्डीवरचा टायपिस्ट:
धन्यवाद जी, सगळ्यांचे. पॅल्यूडलला ‘पाणथळीचा’, युलिजिनसला ‘चिभड’, लिमिकोलसला ‘गाळवासी’ टाकलं. पॅलस्ट्राइन तसंच ठेवून खाली एक ओळ समजावून दिली. पोरगी ‘चिभड’ पाहून म्हणे, काका, हे गाइडला चालेल? म्हटलं, साकोलीचा फोन लावून देतो. चारही शब्द वर्डच्या डिक्शनरीत घातले, रेघ गेली. आता लॅकस्ट्राइनखाली (तो तळ्याचा गट) लाल दिसून राहिली, पण ते मी हात न लावता सोडलं आहे.