मदत हवी आहे : चार हजारांच्या आत पक्ष्यांसाठी आणि रात्रीच्या आकाशासाठी ट्रायपॉड

नमस्कार.

मी रावेर तालुक्यात राहतो आणि सवड मिळेल तेव्हा हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. माझ्याकडे कॅननचा १५००डी कॅमेरा आणि ५५-२५० मिलिमीटरची एसटीएम लेन्स असून दोन्हींचे मिळून वजन साधारण ८५० ग्रॅम भरते. हिवाळ्यात चक्रवाक आणि मोठी लालसरी काठाजवळ असतात ती वेळ नेमकी उजाडण्याची, म्हणजे प्रकाश अपुरा असण्याची. या कॅमेऱ्यावर २५० मिलिमीटरची लेन्स ४०० मिलिमीटरसारखे दृश्य देते, त्यामुळे हातात धरून काढताना फोटो हलू नये म्हणून शटरचा वेग बराच चढा ठेवावा लागतो, आणि तो ठेवायचा तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) इतका वाढवावा लागतो की पिसांचा पोत दाणेदार होऊन जातो. लेन्समधील स्थिरीकरणाने थोडी मदत होते, पण लेन्स बराच वेळ एकाच दिशेने रोखून बसल्यावर हात भरून येतात ते येतातच.

दुसरा उपयोग रात्रीच्या आकाशासाठी. सातपुड्यात पाल किंवा तोरणमाळच्या बाजूला अंधार चांगला मिळतो. माझ्या १८-५५ लेन्सवर १८ मिलिमीटरला सुमारे १७ सेकंदांपर्यंत तारे ठिपक्यांसारखे राहतात, त्यापुढे त्यांच्या रेषा होऊ लागतात. या कामाला ट्रायपॉडवाचून गत्यंतर नाही.

बजेट चार हजारांचे आहे आणि त्यात दोन पर्याय समोर आहेत. पहिला म्हणजे ॲल्युमिनियमचा नवा हलका ट्रायपॉड : चार टप्प्यांचे पाय, बॉल हेड (गोळ्यावर कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवणारा वरचा भाग) आणि डबीवर छापलेली आठ किलोंची क्षमता. दुसरा म्हणजे लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या व्यक्तीकडचा जुना, जड स्टँड. त्याला दांडीने फिरवायचे फ्लुइड हेड आहे, पाय जाड आहेत आणि किंमत साडेतीन हजार सांगितली आहे. पुढेमागे १५०-६०० मिलिमीटरची जुनी लेन्स घेण्याचा विचार आहे आणि ती एकटीच दोन किलोंच्या घरात जाते. ट्रायपॉडची क्षमता सामानाच्या वजनाच्या किमान दुप्पट-तिप्पट असावी असे वाचले आहे, परंतु स्वस्त ट्रायपॉडवर छापलेल्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा हे समजत नाही. काठावरची जमीन काळी आणि भुसभुशीत आहे, सामान मोटारसायकलवरून न्यायचे आहे आणि पुढचे काही अंतर पायी चालायचे आहे, हेही लक्षात घेऊन जाणकारांनी सल्ला द्यावा.

प्रतिसाद (साक्रीहून)

छापील क्षमतेचा अर्थ बहुधा एवढाच असतो की तेवढ्या वजनाने स्टँड मोडणार नाही. तेवढ्या वजनाखाली तो थरथरणार नाही, असे त्यातून निघत नाही. आमच्याकडे पवनचक्क्यांच्या पठारावर वारा कायमचा असल्यामुळे हा फरक लगेच कळतो. चार टप्प्यांच्या पायाचा शेवटचा टप्पा बोटाएवढा बारीक असतो आणि सगळी थरथर तिथूनच सुरू होते. मधला दांडा वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एकच काठी उभी राहते, म्हणून उंचीचा आकडा पाहून ट्रायपॉड कधी निवडू नये. आपण पाणपक्षी टिपता म्हणजे बसूनच टिपत असाल, कारण पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेला फोटोच चांगला येतो. मग पाच फुटांची उंची हवी कशाला?

माझे मत जुन्या स्टँडच्या बाजूने आहे, परंतु तो तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पाय पूर्ण उघडून लॉक लावा आणि वरून दोन्ही तळहातांनी दाबा. एखादा पाय किंचितही आत सरकला तर ते लॉक झिजलेले आहे. नंतर आपला कॅमेरा लावून लेन्स २५० वर न्या, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर थेट दिसणाऱ्या दृश्यात) दहापट मोठे करून दूरच्या देवळाचा कळस पडद्यावर आणा आणि पायावर बोटाने टिचकी मारा. कळस किती वेळ डोलत राहतो ते पाहिले की डबीवरच्या आकड्याची गरज उरत नाही. शेवटी हेड पुढे झुकवून घट्ट करा आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. कळस चौकटीत वर सरकलेला दिसला तर हेड वजनाने खाली बसते आहे. कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडवर अडकवायची प्लेट सोबत आहे ना हे आवर्जून विचारा, कारण जुन्या व्हिडिओ हेडची नेमकी प्लेट सुटी मिळणे मुश्कील असते.

एक उणीव मात्र आहे. व्हिडिओ हेडवर कॅमेरा उभ्या फोटोसाठी कुशीवर वळवता येत नाही. १५०-६०० ला कॉलर (लेन्सभोवतीची, स्टँडवर बसणारी कडी) असते, त्यामुळे लेन्सच फिरवता येईल, परंतु १८-५५ ने आकाशगंगेचा उभा फोटो घ्यायचा असेल तर प्लेटच्या स्क्रूवर एक लहान बॉल हेड बसवावे लागेल. बॉल हेडच्या तळाचे भोक ३/८ इंचाचे असले तर १/४ इंचाचा स्क्रू त्यात बसत नाही, म्हणून भोक लहान करणारी मधली पितळी बुश मागून घ्या.

प्रतिसाद (चोपड्याहून)

भाऊ, पक्ष्यांसाठी ट्रायपॉडच हवा असे नाही. जाड कापडाची उशीएवढी पिशवी शिंप्याकडून शिवून घ्या, तीत दोन-तीन किलो ज्वारी किंवा मका भरा, बांधावर अथवा दगडावर ठेवा आणि लेन्स तिच्यात रुतवा. काळ्या जमिनीत पाय खचण्याचा प्रश्नच राहत नाही. फक्त ती ओली राहू देऊ नका. आमच्या पिशवीतल्या ज्वारीला मोड आले होते. हे केले तर ट्रायपॉड केवळ आकाशासाठी लागेल, आणि एवढ्या हलक्या कॅमेऱ्यासाठी व १८ मिलिमीटरसाठी नवा हलका स्टँडही पायांचे टप्पे न उघडता, जमिनीलगत ठेवून पुरेसा होतो. चार किलोंचे लोखंड पाठीवर घेऊन चालायचा कंटाळा आला की ते माळ्यावर जाते, हेही मी पाहिले आहे.

प्रतिसाद (जळगावहून)

वाऱ्यात मधल्या हुकाला बॅग अडकवणार असाल तर ती लोंबती ठेवू नका, जमिनीला टेकू द्या. झोके घेणारी बॅग स्टँडलाच हलवते. फोटो घेताना दोन सेकंदांचा टायमर लावा आणि तारे टिपताना लेन्सचे स्थिरीकरण बंद करा. खचणाऱ्या जमिनीवर पायांखाली फरशीचे तुकडे ठेवले तरी काम भागते. शिवाय अजिंठ्याला नेण्याचा विचार असल्यास तिथे ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. काल तो स्टँड पाहून आलो. टिचकीची परीक्षा उत्तम पार पडली. कळस हलला आणि लगेच स्थिर झाला. एका पायाचे लॉक सैल होते, परंतु त्याचा स्क्रू आवळल्यावर पाय सरकणे थांबले. प्लेट जागेवर आहे. मोटारसायकलवर तो आडवा बांधता येत नाही, उभाच बांधावा लागेल, एवढी अडचण दिसली. लॉककडे बोट दाखवून तीन हजारांवर सौदा ठरवला आहे. उरलेल्या हजारात लहान बॉल हेड आणि बुश बसवतो, आणि ज्वारीची पिशवी तर या आठवड्यातच शिवायला टाकतो, कारण लांब चालायचे असेल त्या दिवशी तीच सोबत नेणार आहे. १८-५५ सह सुमारे ७०० ग्रॅमचा कॅमेरा उभ्या फोटोसाठी वळवलेला असताना घसरू न देणारे लहान बॉल हेड कोणी वापरत असल्यास त्याचे नाव अवश्य कळवावे.