मदत हवी आहे : उड्डाणात अचानक थरथर जाणवल्यास कारण कुठवर शोधावे?

मी दोन इंजिनांच्या एका लहान बिझनेस जेटवर सहवैमानिक आहे. मध्यंतरी नागपूरहून मुंबईकडे येताना, सुमारे ३७,००० फुटांवर आणि हवा अगदी शांत असताना, पायांखालून व रडर (शेपटीवरील उभे सुकाणू) फिरवणाऱ्या पेडलांतून एकसारखी बारीक थरथर जाणवू लागली. इशाऱ्याचा एकही संदेश उमटला नव्हता आणि दोन्ही इंजिनांचे सर्व आकडे नेहमीसारखेच होते. कॅप्टनसाहेबांनी प्रवाशांना पट्टे बांधायला सांगून एकेका इंजिनाची शक्ती थोडी कमी करून पाहिली, पण फरक पडला नाही. पुढे खाली येताना वेग उतरला तशी थरथर मंदावत गेली. जमिनीवर इंजिने चालवून पाहण्यात आली, काही सापडले नाही, म्हणून टेक लॉगमध्ये (विमानातील दोषांच्या नोंदवहीत) तपासणी समाधानकारक असल्याची नोंद होऊन विमान पुन्हा सेवेत आले. काही दिवसांनी तीच थरथर परत आली.

शक्तीबरोबर बदलणारा कंप इंजिनाचा आणि हवेतील वेगाबरोबर बदलणारा कंप सांगाड्याचा, हा ढोबळ नियम मला ठाऊक आहे. ढगात असताना इंजिनाच्या पंख्यावर असमान बर्फ साचूनही कंप होतो, पण त्या दिवशी आम्ही ढगात नव्हतो. माझी अडचण पुढची आहे. कारण शोधण्यासाठी स्पीडब्रेक (वेग कमी करणारे फलक) उघडून पाहणे, यॉ डँपर (नाकाचे डावे-उजवे डुलणे आवरणारी यंत्रणा) किंवा ऑटोपायलट बंद करून पाहणे, असे प्रयोग हवेत कुठवर करावेत? ३ मार्च २०२३ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील कीन येथून निघालेल्या चॅलेंजर ३०० विमानात थरथरीचा प्रश्न नव्हता. परंतु ट्रिमविषयीचा (नाक हव्या त्या पातळीवर टिकवणाऱ्या जुळणीविषयीचा) इशारा आल्यावर वैमानिकांनी चेकलिस्टप्रमाणे स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) ट्रिमचा स्विच बंद केला, तेव्हा ऑटोपायलट सुटून नाक एकदम वर उसळले आणि एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. १९९९ साली बुखारेस्टकडे उतरणाऱ्या ग्रीक फाल्कन ९०० मध्येही ऑटोपायलट सुटल्यावर विमान वारंवार वरखाली आदळत राहिले आणि पट्टे न बांधलेले प्रवासी दगावले. ही उदाहरणे वाचल्यापासून, निव्वळ निदानासाठी कोणत्याही स्विचला हात लावण्यास माझे मन धजत नाही.

दुसरी शंका वेगाची आहे. थरथर असेल तर वेग कमी करावा हे खरे, पण त्या उंचीवर स्टॉलपूर्वीचा (वेग फार कमी होऊन पंखांची उचल तुटण्याआधीचा) बफे, म्हणजे विस्कळीत हवेने होणारा थरथराट, आणि अतिवेगाचा बफे यांच्यातील अंतर मुळातच कमी असते. मग आधी खाली यावे की आधी वेग उतरवावा?

जाणकारांनी, विशेषतः देखभाल अभियंत्यांनी, कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

मी बिझनेस जेटच्या देखभालीत आहे. तुमच्या विमानाच्या पुस्तिकेतील कृती सर्वांत आधी. माझे मत त्यानंतर घ्यावे. थरथर वाढत चालली असेल तर शोध तिथेच थांबवावा, कारण एखादा नियंत्रण-पृष्ठभाग (रडरसारखा हलता भाग) फ्लटरच्या, म्हणजे आपोआप वाढत जाणाऱ्या धोकादायक कंपाच्या, दिशेने जात असण्याची शक्यता असते. त्या उंचीवरून शक्ती कमी करून सावकाश खाली यावे, म्हणजे उतरताना वेगही आटोक्यात राहतो आणि स्टॉलपासूनचे अंतरही वाढते. नियंत्रणांना झटका देऊ नये. ऑटोपायलट काढायचाच असेल तर कंट्रोल व्हील दोन्ही हातांनी घट्ट धरून आणि केबिनमध्ये सगळे बसले आहेत याची खात्री करूनच काढावा. फ्लॅप आणि चाके उघडल्यावर विमान कसे वागते हे धावपट्टीजवळ नव्हे, पुरेशी उंची हाताशी असताना पाहावे.

आता नोंदीविषयी. 'थरथर जाणवली' एवढ्यावर आमच्या हाती काही लागत नाही. उंची, दर्शक वेग (वेगमापकावरचा), माख (ध्वनिवेगाच्या तुलनेतील वेग), दोन्ही इंजिनांच्या पंख्यांचे फेरे, यॉ डँपर चालू होता की नाही, कंप पेडलात होता की व्हीलमध्ये, गुणगुण होती की हिसके, हे सर्व लिहा. पेडलातून आला असेल तर रडर आणि त्याच्या टॅबमधील (मागच्या कडेवरील लहान हलत्या फळीतील) ढिलाई मोजून घेण्याची मागणी करा. बिजागरांचे बेअरिंग, चाकांच्या दारांचे सील आणि पोटाखालच्या पॅनेलांच्या खिट्ट्याही पाहायला सांगा. जमिनीवर इंजिन चालवून यातले काहीच दिसणार नाही. नोंद करताना आधीच्या नोंदीचा उल्लेख करून हा दोष पुन्हा उद्भवला आहे असे स्पष्ट लिहा, म्हणजे तो जुन्याच शेऱ्यावर बंद करणे अवघड जाते.