मदत हवी आहे: लॉगआउटनंतरही 'बॅक' दाबलं की जुनं पान दिसतं

नमस्कार मंडळी,

माझ्या साइटवर प्रत्येक युझरचं खातं दाखवणारं पान सर्व्हरवर दर वेळी नव्याने तयार होतं. लॉगआउट केल्यावर ब्राउझरचं बॅक बटण दाबलं, की तेच पान सगळ्या खाजगी माहितीसकट परत समोर येतं. सामायिक कॉम्प्युटरवर हे फारच धोक्याचं आहे, म्हणून जीवाला घोर लागलाय.

सध्या कॅश-कंट्रोल हेडरमध्ये (पान साठवण्याबद्दल सर्व्हरने ब्राउझरला दिलेली सूचना) 'प्रायव्हेट, नो-कॅश' पाठवतोय. नो-कॅश म्हणजे 'साठवू नका' असाच माझा समज होता! प्रत्यक्षात ब्राउझर पान साठवतो, फक्त पुन्हा वापरण्याआधी सर्व्हरला विचारतो. लिंकवरून आलं तर ते नीट चालतं: ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) जुळला की ३०४, म्हणजे 'पान बदललेलं नाही' असं उत्तर मिळतं आणि पान पटकन उघडतं. पण बॅक दाबल्यावर सर्व्हरच्या लॉगमध्ये रिक्वेस्टच दिसत नाही.

'नो-स्टोअर' (पान अजिबात साठवू नका) लावलं की प्रश्न सुटतो, पण मग ३०४ चा फायदा जातो आणि मोठा फॉर्म अर्धवट भरून कोणी मागे-पुढे गेलं तर लिहिलेलं पुसलं जातं. ते मला पटत नाही.

तर नो-स्टोअर फक्त खात्याच्या पानांना लावून बाकीच्यांना नो-कॅश ठेवू का? की पान समोर येताच होणाऱ्या पेजशो इव्हेंटमध्ये 'पर्सिस्टेड' (पान ब्राउझरच्या मेमरीतून जसंच्या तसं आलंय का) तपासून पान रीलोड करणं पुरेसं आहे? रीलोड होईपर्यंत जुनी माहिती क्षणभर दिसेल, हीच भीती आहे. कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर नेमकी हेडरची ओळ द्याल का?