प्रतिसाद: टाके निघाले, पण डोकं अजून दमलेलं आहे
ताई, बाइक अपघातात डोक्याला मार लागल्यापासून तुमचे मिस्टर उगाच चिडतात, त्यावर 'कामावर धाडा, मन रमेल' असं वर दोघांनी सुचवलंय. मला नाही पटत. कपाळामागचा मेंदूचा भाग राग आवरतो, कामं आखतो. तिथे इजा झाली की माणूस दिसायला ठणठणीत, पण पारा लगेच चढतो. मुद्दाम नाही करत ते. आणि सकाळची ठाणे लोकल? ती धडधाकटांनाही झेपत नाही!

घरी टीव्ही बंद करून एका वेळी एकच गोष्ट सांगा. दुपारी झोपले तर आळशी म्हणू नका, मेंदू खरंच थकतो. दारू पूर्ण बंद. फिटची औषधं दिली असतील तर मनाने थांबवू नका. हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार, मिळते. कामावर कधी, किती तास, हे तिथे विचारा.

दिव्यांग प्रमाणपत्राचं म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मेंदूची इजा वेगळी लिहिलेली नाही. चालणं, बोलणं, जी अडचण उरली असेल तिच्यावरून अर्ज करा.