रिमॅपनंतर ११५ चे १५० पीएस? १.० टीएसआयला खरंच किती मिळतं

खंबाटकी_तिसरा_गिअर :
फोक्सवॅगन व्हर्टस १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल, २२ हजार किमी, सगळं स्टॉक, म्हणजे कंपनीचं जसंच्या तसं. कंपनीचे आकडे ११५ पीएस (पॉवर), १७८ एनएम (टॉर्क). ट्यूनर स्टेज १ रिमॅपमध्ये (पार्ट न बदलता फक्त ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलून) १५० पीएस आणि २६० एनएम सांगतोय, वर "मायलेजही दोन-तीनने वाढेल" म्हणतोय. वापर रोजचा शहरातला, महिन्यातून दोनदा घाट. हे आकडे पटण्यासारखे आहेत का? आणि पैसे देण्याआधी काय बघून घ्यायचं?

चाकावरचे_घोडे :
१५० विसरा. नीट केलेल्या स्टेज १ मध्ये हे इंजिन साधारण १३० ते १४० पीएस आणि २१० ते २३० एनएम देतं.

ताडून बघायचं गणित सोपं आहे : पीएस = एनएम × आरपीएम ÷ ७०२४. ५००० आरपीएमला १५० पीएस हवे असतील, तर तिथे २११ एनएम टॉर्क टिकायला हवा. स्टॉकमध्ये त्या जागी जेमतेम १६२ असतो. एवढासा टर्बो वरच्या आरपीएमला धापा टाकतो. तिथे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) रेटलं की हवा वाढते थोडी आणि तापते फार. खरा फरक २००० ते ४५०० मध्ये जाणवतो. घाटात जिथे दुसऱ्यावर यावं लागायचं तिथे तिसऱ्यावर गाडी ओढते, हीच कमाई समजा.

मला जास्त खटकतो तो २६० एनएमचा आकडा. मॅन्युअल गिअरबॉक्स एमक्यू२०० आहे, आणि नावातला २०० हा टॉर्कचाच वर्ग. २२० च्या आसपास लोक वापरतात, पण मग टॉर्क २५०० पर्यंत हळूहळू चढवलेला हवा; १८०० ला एकदम धक्का नको. क्लचची परीक्षा पाचव्या गिअरला : २००० वरून पूर्ण रेस द्या. काटा झपकन वर गेला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच सुटतोय.

डायनो (पॉवर मोजायची चाचणी) मॅपच्या आधी आणि नंतर, एकाच मशीनवर, त्याच दिवशी, त्याच गिअरला. ग्राफ चाकांवरच्या पॉवरचा मागा. चाकांवर ११० आले, तर इंजिन ते चाक १५ टक्के लॉस धरून क्रँकला (म्हणजे इंजिनवर) १२९ होतात. २० टक्के धरले की १३७. बसल्या जागी आठ पीएस!

नॉक_रिटार्ड :
वरच्याला जोड. डायनोपेक्षा लॉग (गाडी चालवताना ईसीयूमधून नोंदवलेले आकडे) महत्त्वाचा. तिसऱ्या गिअरला, रिकाम्या रस्त्यावर, २००० ते ६००० पूर्ण रेस. लॉगमध्ये मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट, इनटेक हवेचं तापमान आणि तिन्ही सिलिंडरचं टायमिंग रिटार्ड (ईसीयू ठिणगी किती अंश मागे घेते) घ्या. अधूनमधून एक-दोन अंश मागे जाणं चालतं. एकच सिलिंडर सतत पाच-सहा अंश मागे जात असेल, तर मॅप त्या पेट्रोलसाठी नाही.

१०० ऑक्टेनवर बनवलेला मॅप साध्या पेट्रोलवर चालवला की ईसीयू नॉक (मिश्रण अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकून टायमिंग मागे घेते आणि वाढलेली पॉवर तिथेच विरते. त्यामुळे रोज जे पेट्रोल भरता, त्याच्यावरच मॅप करून घ्या, तोही एप्रिल-मेच्या उकाड्यात तपासून.

फ्लॅशआधी (ईसीयूत नवी फाइल टाकण्याआधी) फॉल्ट कोड स्कॅन करा, प्लग नवे घाला. बूस्ट वाढलं की ठिणगी विझते, म्हणून गॅप ०.६५ ते ०.७ मिमीवर आणतात. नाहीतर ४००० च्या वर मिसफायर येतो आणि दोष मॅपला जातो. फ्लॅश चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू मरते. मूळ फाइलची कॉपी हातात घेतल्याशिवाय गाडी काढू नका.

नंतर सहाव्या गिअरला १५०० वरून पाय दाबायची सवय सोडा. कमी आरपीएम आणि जास्त लोड असला की ठिणगीआधीच मिश्रण पेटतं, पिस्टनचे तुकडे होऊ शकतात. ऑइल १५ हजारांऐवजी ८ हजारांवर बदला.

मायलेज : पेट्रोलमध्ये वाढत नाही. मॅपनंतर डॅशबोर्डवरचा आकडाही भरवशाचा राहत नाही, टाकी फुल ते टाकी फुल मोजा.

काळा_धूर :
टर्बो नसलेल्या १.२ पेट्रोलवाल्यांनी हा धागा वाचून पैसे काढू नयेत. तिथे तीन ते पाच पीएस, बस. हवा वातावरणाच्या दाबानेच आत येते. ईसीयू ती वाढवू शकत नाही. जुन्या ७५ पीएसच्या १.३ डिझेलला मात्र ९५ पीएस, २४० एनएम सहज येतात. मागून काळा धूर निघाला तर ती पॉवर नाही, न जळलेलं डिझेल आहे. बीएस६ मध्ये तोच धूर डीपीएफमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतल्या काजळीच्या फिल्टरमध्ये) साचतो.

आरसी_बुक :
वॉरंटीत असाल तर थांबा. सर्व्हिस सेंटरला टेस्टर लावला की फाइल जुळत नाही आणि टीडी१ (सॉफ्टवेअरमध्ये बदल केल्याचा) हा शेरा पडतो. स्टॉक फाइल परत टाकली तरी तो पुसला जात नाही. गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो.

खंबाटकी_तिसरा_गिअर :
वॉरंटी अजून दीड वर्ष आहे. तोवर काढता येणारा ट्यूनिंग बॉक्स लावला तर?

चाकावरचे_घोडे :
बॉक्स बूस्ट सेन्सरचं खोटं, कमी रीडिंग ईसीयूला देतो. ती बिचारी बूस्ट वाढवते, पण टायमिंग आणि पेट्रोलचा हिशेब जुन्याच दाबाचा करते. रिमॅपमध्ये निदान तिन्ही गोष्टी एकत्र बदलतात. ओबीडीत (स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये) खोचायच्या सातशे रुपयांच्या 'चिप' विचारात असतील तर उघडून बघा, आत फक्त लुकलुकणारे एलईडी असतात. दीड वर्ष प्लग, एअर फिल्टर आणि टायरमधली हवा सांभाळा.