मदत हवी आहे: केमो चालू आहे आणि कुत्रा हात सोडत नाही

पाऊलवाट:
कोणीतरी लवकर सांगा. केमोची तिसरी सायकल परवा झाली. गुंड्या दिवसभर माझ्या डाव्या हाताला चिकटून बसतो आणि लाइनवरची पट्टी चाटतो. ढकललं की घशातल्या घशात रडतो, दोन मिनिटांत पुन्हा तेच. टोपी घातली की भुंकतो, काढली की गप्प. मोजे पळवणं, कमोडमधलं पाणी पिणं हे त्याचं पहिल्यापासूनचंच. मला फक्त चाटणं थांबवायचंय. घरचे म्हणतात, त्याला कुठेतरी ठेव. ते होणार नाही, तो सल्ला कृपया देऊ नका.

शेवरी:
कुठली लाइन? दंडाच्या शिरेतून घालतात ती पिक नळी का? केमो सलाईनमधून की गोळ्या? कुत्रा केवढा आहे?

वाटाड्या:
कुत्र्यांसाठी कडू स्प्रे मिळतो. आमचा टेबलाचे पाय कुरतडायचा, आठवड्यात थांबला. पट्टीवर मारून बघा.

शेवरी:
अहो, टेबलाचा पाय आणि शिरेतली नळी एक आहे का? पिकचं टोक छातीतल्या मोठ्या शिरेत असतं. पट्टीवर काहीही मारायचं नाही. वरून सुती बाही चढवा. पट्टी ओली झाली असेल किंवा कड सुटली असेल तर आजच बदलून घ्या.

वाटाड्या:
बाही चावून काढेल तो. मग स्प्रे बाहीवर मारा, अंगावर चढवण्याआधी, आणि वाळू द्या. एवढं तरी चालेल ना?

शेवरी:
हो, ते चालेल.

धूमकेतू:
माझ्या मावशीला थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं, तेव्हा काही दिवस मांजरीला मांडीवर घ्यायची मनाई होती. तुम्हीही लांब राहा.

निळाई:
धूमकेतू, ते औषधच वेगळं. केमोत कुत्र्याला जवळ घेऊन बसता येतं. मी केमो वॉर्डात नर्स आहे. पाऊलवाटताई, मला चाटण्याइतकीच कमोडची काळजी वाटते. केमोनंतर निदान 48 तास औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतो, काही औषधांचा त्याहून जास्त दिवस. झाकण लावून दोनदा फ्लश करा, बाथरूमचं दार बंद ठेवा. उलटी पुसलेलं फडकं त्याच्या तोंडी लागू देऊ नका. मोजे पळवणारा गोळ्याही पळवतो. घरात कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी आहे का? तिचं शरीरात फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध होतं आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

पाऊलवाट:
पिक. सलाईन. गोळ्या फक्त उलटीच्या, त्याही आता कपाटात वर ठेवल्या. चार वर्षांचा आहे. कमोडचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. काल सकाळीच प्यायला तो.

निळाई:
पशुवैद्यांना आत्ता फोन करा, केमोच्या औषधाचं नाव सांगा. आणि तुमच्यासाठी: केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. कुत्र्याच्या तोंडात कॅप्नोसायटोफागासारखे जंतू असतात. धडधाकट माणसाला ते सहसा काही करत नाहीत, तुम्हाला करू शकतात. चेहरा, ओरखडा, लाइन चाटू द्यायची नाही. त्याची शी दुसऱ्याने उचलायची. ताप 38 अंशांवर गेला तर सकाळची वाट न बघता फोन.

धूमकेतू:
कुत्र्यांना कॅन्सरचा वास येतो म्हणतात, म्हणून तर तो हात चाटत नसेल?

शेवरी:
त्याला पट्टीच्या चिकटपट्टीचा वास येत असेल. टोपीचं काय करताय? आमची कुत्री हेल्मेटला भुंकायची. तिच्यासमोर घालायला लागलो तशी थांबली.

पाऊलवाट:
चार दिवसांनी लिहितेय. गुंड्या ठीक आहे, पशुवैद्यांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं. पट्टी बदलली, वर बाही असते. टोपी आधी त्याला हुंगायला देते, मग त्याच्यासमोरच घालते. दोनदा भुंकला, आज नाही. आता हनुवटी माझ्या पायावर ठेवून झोपलाय, मोजा ओला झालाय. पाय चाटला तर चालतं का, निळाईताई? कातडी कुठे फुटलेली नाही.